चांगल्या खांद्याची पट्टी

हेडली ऑकरॉइडचा डावा खांदा वरचेवर निखळायचा. क्रॅगबी गावाच्या तेराजणी रग्बी संघात तो पुढच्या फळीचा गडी, आणि गिरणीत लोकरीचे गठ्ठे वाहणारा हमाल. खांद्याचं दुखणं गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण गावाबाहेर कुणी चकार शब्द काढत नसे. खेळायला उतरताना पट्टी बांधायची ती धडधाकट उजव्या खांद्याला. मग समोरचे आडदांड तिथंच धडका मारत बसायचे! पट्टी त्याची बायको झिला बांधायची. तिचा हात इतका बसला होता की बघावंही लागत नसे.

१९१६ साली महायुद्धासाठी लग्न झालेल्यांनाही लष्करात सक्तीनं बोलावू लागले. झिलाला आशा होती ती त्या खांद्याची. असला माणूस कोण घेणार?

"डॉक्टरला नीट दाखव. तिथं मर्दुमकी नको," ती म्हणाली.

"दाखवतो गं बाई. मला कुठं मरायची घाई झालीय?"

तपासणीच्या सकाळी खांदा ठणकतच होता. शेगडीवरच्या लापशीकडं लक्ष ठेवून झिलानं पट्टी बांधून टाकली. उजव्याला. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

डॉक्टरनं पट्टी सोडली, हात गरगर फिरवला. "हा तर बैलाचा खांदा! सोंगं करतोस होय रे?" रांग खदखदून हसली. हेडली डावा खांदा पुढं करणार, तोच त्याची नजर मागं गेली. मागं विक्सली संघाचा कप्तान उघड्या अंगानं उभा होता, कान टवकारून. विक्सली म्हणजे क्रॅगबीचा सात पिढ्यांचा वैरी. हेडलीनं तोंड मिटलं.

"अरे गाढवा, बोलला का नाहीस?" झिला घरी किंचाळली.

"त्याच्यासमोर? लढाई संपल्यावर त्यांच्याशी खेळायचंय की."

पुढच्या वर्षी फ्लँडर्सच्या आघाडीवर चिखलानं भरलेल्या खड्ड्यातून सोबती त्याला दोरानं वर ओढत होते. डावा खांदा निखळला, दोर सुटला, आणि चिखलानं त्याला गिळलं. त्यांतल्याच एका सोबत्यानं रजेवर आल्यावर हे सांगितलं. झिला त्यानंतर धड झोपली नाही.

संघाला तयार करणारा म्हातारा साइक्स टोपी हातात धरून भेटायला आला.

"पोरी, विक्सलीवाल्यांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही त्यानं."

"त्या सकाळची पट्टी मी बांधली होती, साइक्सकाका. माझ्या ह्या हातांनी." ती ओक्साबोक्शी रडू लागली.

साइक्सनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"ठाऊक आहे गं," तो मायेनं म्हणाला. "तुझ्यासारखी पट्टी कुणाला जमायची नाही."