पाथरीला गेलेला कुरडयांचा डबा

भाऊजींवरचा माझा राग अजून गेलेला न्हाई, आणि इतक्यात जाऊ नये असंच मला वाटतं.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरला आमच्या गच्चीवर आठ बायका कुरडया घालतात. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या आईच्या नावानं वेबसाइट काढली. आमची सगळी गिऱ्हाइकं तिथूनच येतात. मागच्या साली पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं तक्रार केली, की हे आमच्या मालाचं नाव आहे, या बाईनं ते बदनीयतीनं बळकावलंय. बदनीयतीनं म्हणे. स्वतःच्या आईचं नाव मी चोरलं. वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली.

असल्या भांडणाचा निवाडा कोर्टात न जाताही होतो. एक संस्था तीन तज्ज्ञ नेमते. तिच्या यादीतून कंपनीनं तीन नावं सुचवायची, मी तीन. दोन्हीकडचा एकेक घेतात आणि तिसरा संस्था ठरवते. तज्ज्ञ कुणाच्याच बाजूचा नसावा, आणि निकाल लागेपर्यंत त्याच्याशी कुणी परस्पर बोलू नये, हा नियम लय कडक. आठ दिवस दुपारची भांडी उरकली की मी चष्मा लावून एकेकाची माहिती वाचत बसायची. कुणी अशा कंपन्यांचेच वकील, कुणी दरवेळी कंपनीलाच जिंकवलेलं. शेवटी पहिलं नाव टाकलं ते दिल्लीत वकिली करणाऱ्या एका गृहस्थांचं. छोट्या दुकानदारांच्या बाजूनं त्यांनी दिलेले दोन निकाल मी वाचले होते. संस्थेनं त्यांनाच घेतलं.

माझे दीर गावातले पंच. बांधाचं भांडण असो की भावाभावांची वाटणी, आधी दोन्ही घरी चहा प्यायचा, मग निवाडा सांगायचा, ही त्यांची रीत. त्यांचा शब्द लोक मानतात.

"वैनी, कोणाचा कोण ते बघितल्याबिगर पंच नेमलात व्हय?"

"भाऊजी, तिथं ओळख चालत न्हाई."

"ज्याला ओळख न्हाई, त्याला आपली कणव कुठून येणार?"

मी नियम समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

पटलं कुठलं. आडनावावरून माग काढत त्यांनी शोधलं, की वकिलांची बहीण पाथरीला दिलेली आहे. माझ्याच फडताळातला कुरडयांचा डबा घेऊन जीपनं तिच्या दारात गेले. लाच म्हणून न्हाई, हे मी शपथेवर सांगते. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून. "आपल्याच भागातली बाई हाय, तेवढं नीट बघा म्हणावं भावाला," एवढंच बोलले. बहिणीनं भावाला फोन लावला.

चौथ्या दिवशी मेल आला. एका पक्षानं नातेवाइकामार्फत माझ्याशी संपर्क साधला, म्हणून मी बाजूला होतो, असं वकिलांनी दोन ओळींत लिहून दिलं होतं. तेच पत्र कंपनीलाही गेलं, आणि तिनं ते माझ्याविरुद्ध पुढं केलं: बघा, ही बाई कशी वागते. वकिलांच्या जागी दुसरे तज्ज्ञ आले. एकानं माझ्या बाजूनं मत दिलं, दोघांनी कंपनीच्या. त्या दोघांतले एक हे नवे. वेबसाइट कंपनीला गेली; आता आईचं नाव टाकलं की कंपनीचा चिवडा दिसतो.

भाऊजींना मी नको नको ते बोलले. अक्कल गहाण टाकली होती का, आठ बायकांच्या पोटावर पाय दिलात, गावची पंचकी गावात ठेवायची. ते मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "येवढी माणसं होती यादीत, वैनी. तुमी त्यालाच पयलं का टाकलं?"

"त्यांचे निकाल वाचून," मी म्हटलं.

ते खोटं होतं. निकाल मी नंतर वाचले. आधी वाचली ती त्यांच्या माहितीतली वरची ओळ: जन्म, परभणी जिल्हा. तिथंच माझं बोट थांबलं होतं, आणि आपला माणूस भेटला म्हणून जीव भांड्यात पडला होता.