अंगठ्याखालचा देश

सकाळचे साडेनऊ. कुंभिवली, महामार्गालगतचा प्लास्टिकचा कारखाना, फाटकासमोरची चहाची टपरी.

तिथे मी जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. उभी हयात दुसऱ्यांच्या चुका छापण्यात घालवलेल्या बातमीदारावर हसायची संधी रोज मिळत नाही.

त्याच्या आदल्या शनिवारी कर्जतला माझं व्याख्यान झालं होतं. विषय, बदलत्या जगात भारताचं परराष्ट्र धोरण. मी सरकारला चांगलं धारेवर धरलं. म्हटलं, जगात चढाओढ वाढली आहे, जुन्या ओळखींवर भागवायचे दिवस गेले. यंत्रांसाठी चीनच्या तोंडाकडे किती बघणार? तैवान आहे, व्हिएतनाम आहे, जपान आहे. नवे मित्र जोडा, त्यांच्या माणसांना दारं उघडा. टाळ्या पडल्या. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

आता मूळ भानगड. भिसेगावात माझ्या शेजारीच माझा भाऊ राहतो. त्याची मुलगी स्वाती या कारखान्यात कंत्राटावर आहे. नवं मोल्डिंग मशीन सुरू झालं की तिला कायम करू, असा साहेबांचा शब्द. मशीन आलं होतं, पण सारखं बंद पडत होतं. त्या दिवशी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. ती आत गेली आणि मी चहाला थांबलो.

तेवढ्यात एक परदेशी माणूस दिसला. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे फोटो काढत होता. एका बाजूने नाही, चारही बाजूंनी! मग सावकाश येऊन आपल्या अर्ध्या राहिलेल्या चहाशी बसला.

सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं आणि पासपोर्ट मागितला. बिचाऱ्याला मी कुणी अधिकारी वाटलो असणार. त्याने तो दोन्ही हातांनी, अदबीने दिला. वरच मोठ्या अक्षरांत छापलेलं, रिपब्लिक ऑफ चायना. माझ्या डोक्यात आजवरचे सगळे अग्रलेख एकदम पेटले.

टपरीवाली गोमाबाई मध्ये पडली. "भाऊ, माझं गिऱ्हाईक हाय ते. चा तं संपू द्या, मंग धरा."

"बाई, हा देशाचा प्रश्न आहे."

"आसंल. पन गिऱ्हाईक तुटलं तं देश येनार हाय का रोज चा प्यायला?"

मी ऐकतोय कुठला! पासपोर्ट उंच धरून मी भाषणच सुरू केलं. टेंपोवाले जमले, कुणीतरी चित्रीकरण करायला लागलं. मी माझ्या बातम्यांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो: 'कुंभिवलीत चिनी हेर?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आमच्या धंद्यात जबाबदारी संपते. तो माणूस हळू आवाजात "व्होल्टेज, व्होल्टेज" म्हणत होता. मी गर्दीला सांगितलं, बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. तेव्हा दोघांनी त्याची बॅग धरली.

फाटकातून स्वाती धावत आली.

"काका, अंगठा काढा."

"काय?"

"पासपोर्टवरचा अंगठा. आधी काढा."

काढला. खाली ठळक छापलेलं होतं, तैवान.

त्या देशाच्या अधिकृत नावात चायना आहे, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. त्यावर मी लेख लिहिलेत. लोक नुसता मथळा वाचून मत बनवतात म्हणून मी आयुष्यभर ओरडत आलो, आणि वेळ आली तेव्हा दुसरी ओळ माझ्याच अंगठ्याखाली.

ते होते लिन साहेब. मशीन बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर. बिघाड मशीनमध्ये नसून बाहेरून येणाऱ्या विजेत असावा, असा त्यांचा संशय होता, म्हणून ते फोटो. मी माफी मागितली, गोमाबाईने नवा चहा दिला, ते कमरेत वाकले. मिटलं, असं मला वाटलं.

पण बातमी तोवर शिळफाट्याला पोचली होती, तिथून पनवेलला. पहिल्याच फॉरवर्डात प्रश्नचिन्ह गळून पडलं. चित्रफीत थेट त्यांच्या कंपनीपर्यंत गेली आणि कंपनीने त्यांना परत बोलावून घेतलं. आमच्या माणसाच्या सुरक्षिततेची सरकारकडून लेखी हमी आणा, मगच दुसरा पाठवू, असं कारखान्याला कळवलं.

संध्याकाळी स्वाती एवढंच म्हणाली, "काका, दारं उघडा म्हणालात ना तुम्ही? एक उघडलं होतं. तुम्हीच त्यात आडवे उभे राहिलात."

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. तहसीलला विचारलं, ही हमी कोण देणार? त्यांनी पोलिसांकडे बोट दाखवलं, पोलिसांनी उद्योग खात्याकडे, उद्योग खात्याने दिल्लीकडे. दिल्लीने नवे मित्र जोडायचं ठरवलं, पण ते तालुक्यात उतरतील तेव्हा त्यांना सांभाळायचं कुणी, हे कुणीच ठरवलेलं नाही. मशीन ताडपत्रीखाली आहे. स्वाती अजून कंत्राटावरच आहे.

यावर सणसणीत बातमी मीच लिहिली. सगळ्या खात्यांना नावानिशी झोडलं. आणि इंजिनियर मुळात परत का गेला, या प्रश्नाशी आलो तेव्हा धंद्याचा नियम पाळून शेवटची ओळ टाकली: 'याबाबत संबंधित पत्रकाराशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता, त्यांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.'