केलेलं दिसतं

आमच्या दाजींनी, म्हणजे मियाताके कानेयोशी यांनी, आयुष्यभर कुंडीत समुद्रकाठची झाडं घडवली आणि समुद्राकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. आमच्या किनाशी गावाहून समुद्र सायकलच्या टप्प्यात. पण दाजींचं म्हणणं, खारा वारा कपड्यांत बसतो, तो घरी आणला की झाडांना बाधतो. माझी थोरली बहीण सुएको लग्न होऊन त्यांच्या घरी गेली, तेव्हा तिला वाटलं होतं की नवरा एखाद्या रविवारी किनाऱ्यावर फिरायला नेईल. नवऱ्याने नेलं ते नदीवर, वाळू चाळायला.

ती वाळू लागायची उघड्या मुळांच्या पाइनसाठी. वाऱ्यापावसाने कड्यावरची माती वाहून गेली की झाड आपल्या मुळांवरच तोलून उभं राहतं. तसं झाड कुंडीत घडवायचं, हे दाजींचं काम. आधी रोप फळ्यांच्या उंच, अरुंद पेटीत लावायचं, तळाला माती आणि वर नुसती वाळू. वाळूत खायला काही मिळत नाही, म्हणून मुळं खाली खाली उतरतात. मग दर वसंतात वरची एक फळी काढायची, वाळू ब्रशने झाडायची आणि थोडी थोडी मुळं उघडी करायची. उघड्या मुळांवर साल चढते, ती खोडासारखी टणक होतात. एकमेकांच्या अंगावर रेललेल्या मुळांत बांबूची पाचर बसवायची, लेचीपेची कापून टाकायची. वर फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून वळण लावायचं, ते निराळंच. घाई केली तर झाड मरतं.

माझं उदोनचं, म्हणजे जाड शेवयांचं, दुकान आहे. कणीक पायाने तुडवली, शेवया कापल्या, उकळल्या, गिऱ्हाईक सुरसुर खाऊन उठून गेलं, की विषय संपला. एखाद्याची मुळं वर्षानुवर्षं उघडी करत बसायची आणि वर त्यालाच माया म्हणायची, हे मला काही झेपलं नाही. पण दाजी रोज सकाळी माझ्याच दुकानात खात. शिवाय बहिणीचा नवरा. म्हणून मी तोंड आवरून होतो.

दर शरदात शहरात बोन्सायचं प्रदर्शन भरे. परीक्षक ठरलेले, कुसाका गुरुजी. त्यांच्यापुढे आमच्याकडचे भले भले झाडवाले मान खाली घालून उभे राहत. दाजी आपलं सगळ्यात लाडकं उघड्या मुळांचं झाड नेत. आदल्या दिवशी दात घासायच्या ब्रशने त्याचं एकेक मूळ साफ करत. स्वतःचे दात घासायला मात्र विसरत, असं ताई सांगायची. गुरुजी येत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकत, बराच वेळ बघत आणि म्हणत, "सुंदर. पण केलेलं दिसतं." झालं. दाजींना उत्तेजनार्थ.

हा माणूस उत्तेजनार्थ बक्षिसं घेत म्हातारा झाला. बक्षिसाचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना एकदा, फक्त एकदा, गुरुजींच्या तोंडून ऐकायचं होतं की या झाडावर माणसाचा हात दिसत नाही. दुसरी कुठलीच इच्छा त्यांनी माझ्यापुढे कधी बोलून दाखवली नाही.

"केलेलं दिसतं म्हणजे काय रे?" वाडग्यात तोंड घालून ते मला विचारत. "मी केलंय. न केलेलं कसं दिसेल?"

मी वर कांद्याची पात घालून देई.

एका वर्षी गुरुजींनी चारचौघांत ऐकवलं. म्हणाले, मियाताके, एकदा समुद्रावर जाऊन खरं झाड बघून ये, आता तरी. पोरंटोरं हसली. दाजी लाल झाले. पुढच्या माझ्या सुट्टीच्या दिवशी ते दारात हजर. "गाडी काढ," म्हणाले. ताई मागे उभी होती. तिने नवा रुमाल डोक्याला बांधला होता, लग्नानंतर ती पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर समुद्रावर निघाली होती.

उरानोहामाच्या किनाऱ्यावर पाइनची राई आहे आणि तिच्या टोकाला एक जुनं झाड. खालची वाळू कधीच वाहून गेलेली, मुळं माणसाच्या उंचीची, शाळेची पोरं त्यांच्या आतबाहेर पकडापकडी खेळतात. दाजींनी झाडाला एक चक्कर मारली, मग उलटी एक. मला वाटलं, आता हात जोडतात.

"या झाडाला प्रदर्शनाच्या दारातूनच परत पाठवलं असतं," ते म्हणाले. "मुळं बघ, नुसता गुंता. फांद्या एकाच बाजूला. आणि याला दर्शनी बाजूच नाही."

"दर्शनी बाजू समुद्राकडे आहे की," ताई म्हणाली.

"मग बघणाऱ्याने उभं कुठे राहायचं? पाण्यात?"

दुसरा कुणी असता तर मान हलवून घरी गेला असता. दाजींना त्या रात्री झोप लागली नाही. इतकं जुनं झाड आणि त्याला कुणी वळण लावलेलं नाही, हे त्यांना सहन होईना. राई साफ करायला गावातली म्हातारी मंडळी दर महिन्याला जमत. दाजींनी तिथे नाव घातलं. लोकांना वाटलं, उतारवयात माणसाला समाजसेवेची बुद्धी झाली. ताई तर खूश होती. ती भाताचे गोळे बांधून न्यायची आणि वाळूवर पाण्याकडे तोंड करून बसायची.

मी मंडळींसाठी शेवयांचं पातेलं घेऊन जाई, तेव्हा मला प्रकार कळला. सगळे पालापाचोळा ओढत आणि दाजी त्या झाडामागे गडप. काथ्याच्या ब्रशने मुळं घासत. एकमेकांवर चढलेलं एखादं मूळ घडीच्या करवतीने कापत, कापलेल्या जागी ओली माती चोळत, भुसा पालापाचोळ्यात मिसळून टाकत. खालची एक फांदी त्यांनी दोराने ओढून वाळूत पुरलेल्या दगडाला बांधली. कुणी विचारलं तर वादळासाठी आधार. उन्हाळा सुरू झाला की लांब बांबूच्या आकडीने वरचे कोवळे कोंब मोडत. इतकं मन लावून ते घरच्या झाडांपाशीसुद्धा बसले नसतील.

"दाजी, हे गावाचं झाड आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"म्हणूनच याची ही दशा झाली," ते म्हणाले.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना राईतून हाकलून दिलं असतं आणि ताईचा समुद्र गेला असता. अशी बरीच वर्षं गेली. मुळं एकमेकांना वाट देत सुटी झाली. बांधलेली फांदी दोर सोडल्यावरही तशीच झुकून राहिली. प्रदर्शनात दाजींना उत्तेजनार्थ मिळतच होतं.

आणि एका साफसफाईच्या दिवशी कुसाका गुरुजी आपल्या शिष्यांना घेऊन किनाऱ्यावर आले. दाजी गवती टोपी घालून, हातात दाताळं धरून झाडाशेजारीच उभे होते. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते झाडापुढे थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि एकेक मूळ न्याहाळत राहिले.

"हे बघा," शेवटी ते शिष्यांना म्हणाले. "आहे कुठे माणसाचा हात? हे वाऱ्याचं काम. हे आपल्याला या जन्मात जमायचं नाही."

मी पातेलं खाली ठेवलं. तिकडे ताई वाळूवरून उठून उभी राहिली. मला दाजींचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकी कीवही कधी आली नव्हती. आता बोलतील, आता बोलतील, असं मी मनात म्हणत होतो.

तेवढ्यात गुरुजींचं लक्ष गेलं. "अरे मियाताके, तू इथे? बरं झालं. इतकी वर्षं मी तुला हेच सांगतोय."

दाजी कमरेत वाकले. "हो गुरुजी," म्हणाले.

गुरुजी दोन पावलं मागे सरले, वर बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, तेवढी शेंड्याजवळची फांदी मात्र खटकते, तिथे कुणीतरी लुडबुड केलीय, केलेली दिसते. शिष्यांनी माना डोलावल्या, एकाने फोटोही काढला. दाजींची आकडी कधी त्या फांदीपर्यंत पोचलीच नव्हती. अख्ख्या झाडात माणसाचा हात न लागलेली तेवढी एकच फांदी.

मंडळी गेली. दाजी ताईशेजारी वाळूवर येऊन बसले. तिने भाताचा गोळा त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी नुसता धरून ठेवला.

"अहो, सांगायचं होतं ना," ताई म्हणाली. "एवढी वर्षं त्या एका शब्दासाठी झुरलात."

"कसं सांगू?" दाजी समुद्राकडे बघत म्हणाले. "सांगितलं असतं, तर त्याच क्षणी त्यांना अख्खं झाड केलेलं दिसलं असतं."