पोळ्याची मोटार

मोटार कुणीही धुतो. शकूरभाई मोटार चाचपायचे. धुऊन पुसून झाली की सिगारेटच्या पाकिटावरचा काचेसारखा पातळ कागद बोटांखाली धरायचे आणि डोळे मिटून टपावरून, दारांवरून हळूहळू हात फिरवायचे. मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "हे पाहा, इथं कन हाये." मला काही दिसायचं नाही. "डोयाले नाही दिसत वहिनी, बोटाले समजते," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. हा माणूस जेवायला कधी बसणार, या विचाराने मी कावून जायचे, कारण त्यांचं ताट वाढायचं काम माझ्याकडे होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवानवा होता आणि मीही त्या घरात नवीनच होते. आमचं गाव मलकापूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. शेतांपलीकडून आगगाडी जायची, तिच्या इंजिनाची काजळी वाऱ्याबरोबर यायची. रस्त्यावर ताजं डांबर पडलं होतं. त्यात मोटार उभी राहायची निंबाखाली, म्हणजे वरून चीक. माझे सासरे किसनराव, म्हणजे मामाजी, यांनी घेतलेली ती सायीच्या रंगाची सेकंडहँड मोटार आठवड्यात ठिपक्यांनी भरून जायची. डांबराला शकूरभाई खोबरेल लावायचे, चिकावर गरम पाण्याचं फडकं ठेवायचे, आणि इतकं करूनही जे चिकटून राही त्याच्यासाठी माझ्याकडे कणकेचा गोळा मागायचे. साबणाच्या पाण्याने मोटारीचं अंग ओलं करून त्यावर तो गोळा फिरवला की रुतलेले काळे कण अलगद त्यात यायचे. गव्हाची त्या दिवसांत वानवा. सासूबाई म्हणायच्या, "मानसाले ज्वारी अन् मोटरीले गहू." मी गुपचूप देत असे. त्या घरात स्वतःहून फडकं हातात घेणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते, त्याला नाही म्हणवत नसे.

शकूरभाई आधी मलकापूर स्टेशनवर टांगा हाकायचे. घोडा गेल्यावर ते मोटार शिकले. मोटारीशी बोलायची सवय त्यांना घोड्यामुळेच लागली असावी. वळणावर "आस्ते, आस्ते" म्हणायचे आणि चढ संपला की तिला शाबासकी द्यायचे.

घरात त्यांच्याशी एकच माणूस बोलत नसे, तो म्हणजे तुळशीराम. तुळशीराम आमचा जुना सालदार. शेतातल्या जोड्या इतर गडी हाकायचे, पण मामाजींची दमणी, म्हणजे बसून जायचा हलका छकडा, फक्त त्याच्या हाती. चांद्या आणि मोऱ्या ही त्याची जोडी वाऱ्याशी बोलायची. मोटार घ्यायची म्हणून मामाजींनी दमणी विकली, जोडीही विकली. तुळशीरामला गोठ्यातल्या गाईंमागे लावलं. शकूरभाई ओट्यावर आले की तो उठून गोठ्यात जायचा. मामाजींनी एकदोनदा त्याला म्हटलं, चल, मोटारीत बस. तो म्हणाला, "माहे पाय हायेत."

मोटार आल्यानंतरचा पहिला पोळा. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांना जेवायचं आवतण देतात. सगळ्या गड्यांना आपापली जोडी होती. तुळशीराम गोठ्याच्या खांबाला टेकून बसला होता. मामाजी आगगाडीने परगावी गेलेले, शकूरभाई आपल्या घरी. मी दिवे लावायला अंगणात आले तेव्हा तुळशीराम मोटारीजवळ काहीतरी करत होता. मला वाटलं, आज राग गेला असेल, पुसत असेल. मी आत गेले.

सकाळी अंगणात आले आणि हसावं की रडावं कळेना. मोटारीच्या दोन्ही मडगार्डांना लोणी-हळद चोळलेली. टपावर, दारांवर, मागे-पुढे लालभडक ठिपके. दिव्यांभोवती लाल कडी आणि नाकावर डिंकाने चिकटवलेलं बेगड. बैलाच्या अंगावर पाण्यातला गेरू लावतात, तो धुऊन जातो. शिंगांना तेलातला रंग असतो, तो निघत नाही. तुळशीरामने मोटारीला सगळीकडे शिंगांचाच रंग लावला होता. मोटार सगळी शिंगासारखी टणक, गेरू तिच्यावर कसा धरेल, असा त्याने हिशेब केला होता. समोर केळीच्या पानावर पुरणपोळी ठेवून तो हात जोडून उभा होता.

मामाजी दुपारी परतले. त्यांचा राग मी तोवर पाहिला नव्हता. परवा त्यांना याच मोटारीतून मलकापूरला सभेला जायचं होतं, साऱ्या तालुक्यासमोर. ते तुळशीरामला म्हणाले, "बोचकं बांध आन् नीघ. माही इज्जत रंगवली तू." म्हातारा एकटाच. बायको गेलेली, पोरबाळ नाही, सारी उमर आमच्या गोठ्यात गेलेली. तो जाणार कुठे, हे मामाजींनाही ठाऊक होतं. पण बोलून गेले होते आणि शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात शकूरभाई आले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, तुळशीरामकडे पाहिलं आणि मामाजींना म्हणाले, "मालक, उद्या सांजलोक हे सारं काढतो. एक ठिपका राह्यला तं तुमचं खरं. नाही राह्यला तं ह्याले राहू द्या."

मामाजी म्हणाले, "एकही नको."

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. बैलांना त्या दिवशीही सुट्टी, शकूरभाईंना मात्र नव्हती. मलकापूरहून ओळखीचा एक पेंटर आला होता. तो म्हणाला थिनर लाव, झटक्यात निघेल. शकूरभाई म्हणाले, "तिची चामडीबी निंघन." त्यांनी हळद साबणाने काढली आणि उरलेल्या पिवळ्या डागांना ऊन दाखवलं. बेगड ओल्या फडक्याने मऊ केलं. लाल ठिपक्यांवर रॉकेलचे बोळे ठेवले. घासायचं नाही, थांबायचं, मग हलक्या हाताने टिपायचं. रंग निघाला, पण प्रत्येक ठिकाणी गुलाबी सावली राहिली. तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"वहिनी, कनिक पायजे. आज जराशीक जास्त."

मी गोळा मळत होते, मळता मळता विचारलं, "तुमचं न त्याचं तर बोलणंसुद्धा नाही. मग एवढं काऊन करता?"

ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "माहा घोडा मेला ना वहिनी, तं मी रोज सकायी उठून तबेला झाडत जाओ. घोडा नव्हता तरी. माही बायको नूरबी म्हने, येडे झाले का तुमी? सनाच्या दिवशी हात रिकामे राह्यले का मानूस असंच करते."

मला त्यांच्यापुढे डोळे पुसता येईनात, हात कणकेत होते. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी उठून डब्यातलं आणखी पीठ माझ्यापुढे ठेवलं.

ऊन उतरलं तशी मोटार पुन्हा सायीच्या रंगाची झाली. शकूरभाईंनी मामाजींच्या हातात तो पातळ कागद दिला. मामाजी कागद धरून टपावरून, दारांवरून हात फिरवत पुढून मागे गेले. आम्ही सगळे अंगणात उभे. तुळशीराम आपलं बोचकं घेऊन निंबाखाली. मामाजींनी कागद परत दिला. सुटला म्हातारा, असं मला वाटलं.

आणि तुळशीराम पुढे आला. मोटारीच्या मागे उकिडवा बसला, बंपरच्या खालची कड त्याने बोटाने दाखवली आणि म्हणाला, "मालक, इथं एक राह्यला. मीच लावला व्हता."

त्या म्हाताऱ्याचा मला असा राग आला म्हणता! शकूरभाईंचा चेहरा उतरला. मामाजी वाकले. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिले. मी उभी होते तिथूनही मला तो लाल ठिपका दिसत होता.

मामाजी सरळ झाले. म्हणाले, "मले तं काही दिसत नाही." आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

तुळशीराम तसाच बसून राहिला. शकूरभाई त्याच्याशेजारी बसले आणि कणकेचा उरलेला गोळा घेऊन तो ठिपका काढायला लागले. मी म्हटलं, अहो, आता राहू द्या ना. ते म्हणाले, "मालकाले नाही दिसला. मले दिसते ना." तेव्हा तुळशीराम हसला, आणि उठून त्याने पाण्याची बादली त्यांच्याजवळ सरकवली.

पुढच्या पोळ्याला शकूरभाई भल्या सकाळी आले. मोटार धुतली, चाचपली. मग वाटीत गेरू घेऊन तो पाण्यात कालवला आणि वाटी तुळशीरामच्या हाती दिली. "हे लाव. तेलाचं नाव काढू नको." दुपारी तोरणाखाली बैलांची रांग लागली. रांगेच्या शेवटी आमची मोटार होती, कपाळाला गेरूचा टिळा, बंपरला कासरा. कासरा धरून पुढे तुळशीराम आणि आत शकूरभाई, पहिल्या गिअरमध्ये, म्हाताऱ्याच्या चालीने. गाव पोट धरून हसलं. मामाजी तोंड फिरवून उभे होते, पण थांबा म्हणाले नाहीत. घरी आल्यावर बैलाचे पाय धुतात. सासूबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या आणि क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं.

आता त्या अंगणात मोटार नाही, बैलही नाहीत आणि यांच्यातलं कुणीच नाही. मला त्या सगळ्यांची फार आठवण येते. त्या दिवशी पाणी घालून झाल्यावर तुळशीराम मोटारीचं पुढचं दार उघडून शकूरभाईंच्या शेजारी जाऊन बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं. शकूरभाईंनी त्याला मलकापूरच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणलं, आणि परत आल्यावर दोघांनी मिळून मोटार पुसली.