रांगेतली पाचवी

हे मी कोणाला सांगितलेलं नाय. नवऱ्याला नाय, पोराला नाय, देवापुढं बसून पण नाय. नऊ वर्षं पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात एकीला सांगितलं – कोणाला ते पुढं येईलच – आणि आता तुमाला सांगते. ऐकून घ्या. मध्येच 'जाऊ दे हो ताई' म्हणू नका. मला ते चालायचं नाय.

शेणव्याजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका. वीस-एक वर्षं झाली. पोरांची वजनं करायची, वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडायचं, आयांना समजावायचं – हे माझं काम, आणि खोटं कशाला बोलू, मला ते चांगलं येतं. नवीन सेविका तक्ता शिकायला माझ्याकडं येतात. म्हणजे मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाय. मला सगळं कळत होतं.

माझी नात स्वरा जन्मली अडीच किलोची. तिची आई सुवर्णा, माझी सून, माहेर मुरबाडकडचं. चणीनं बारीक, तिची आई पण तशीच. मग पोर काय पैलवान होणार? तीन महिन्यांची असताना सुवर्णा तिला शहापूरला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पाचवा पर्सेंटाइल आहे, छान चाललंय. घरी आली ती रडतच.

"आई, शंभरात पाचच मिळाले हो पोरीला!"

आता बघा. एका मिनिटाचं काम होतं. अगं वेडे, हे परीक्षेचे मार्क नाय. एका वयाच्या शंभर पोरी वजनानं रांगेत उभ्या कर, सगळ्यात हलकी पुढं. आपली स्वरा त्या रांगेत पाचवी. रांग म्हटली की कोणीतरी पाचवी असणारच ना? तिनं दर महिन्याला आपल्याच रेषेनं वर चढावं, एवढंच बघायचं. रेष सोडून खाली आली तर घाबरायचं. आणि स्वरा चढत होती. तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात होती – कमी वजनाच्या पिवळ्याला खेटून, पण हिरव्यातच. पाड्यावरच्या किती आयांना मी हे समजावलंय.

सुनेला नाय समजावलं. गप्प बसले.

का? कारण मला लाज वाटत होती. बायका वजनाला यायच्या आणि हसायच्या – बाईंची नात काट्याला लटकवली तरी काटा हलत नाय! दिव्याखाली अंधार, अशी एक तर तोंडावर बोलली. त्यात सुदृढ बालक स्पर्धा जवळ आलेली. गुटगुटीत पोरांना बक्षीस मीच देणार, आणि माझ्याच घरातली पोर ही अशी! माझ्या अंगाचा नुसता भडका उडायचा.

काही जणी म्हणायच्या, बाई, तो तक्ता फॉरेनच्या पोरांचा, आपली बारीकच असतात. तेही खरं नाय. ट्रेनिंगला आमाला सांगितलेलं, त्यात आपल्या देशातली पोरं पण मोजलीत. तक्त्यात काय खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

सुवर्णा आटगावच्या एका कंपनीत पॅकिंगला. सुट्टी संपली, ती कामावर जायला लागली. सकाळी उठून अंगावरचं दूध काढायची, दोन वाट्यांत, वर झाकण, फ्रीजमध्ये. हे तिला मीच शिकवलेलं. पहिले सहा महिने आईचंच दूध, दुसरं काय नाय, पाणी पण नाय – भिंतीवरचा तो कागद माझ्या हातानं चिकटवलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

तर – ऐका. ती गेली की मी त्या वाट्या काढायचे आणि दूध ओतून द्यायचे. आमच्यात आईचं दूध पायाखाली येऊ देत नाय, म्हणून मोरीत नाय, शेवग्याच्या बुडाशी. बघा, रीत तेवढी पाळली! आणि पोरीला बाटलीनं डब्याची पावडर पाजायचे. घट्ट करून, लवकर अंग धरेल म्हणून. बाटली तांदळाच्या पिंपात लपवायचे. दीड महिना केलं हे. सुवर्णा संध्याकाळी यायची, रिकाम्या वाट्या बघायची आणि खूश व्हायची. "सगळं प्यायली, आई?" मी म्हणायचे, सगळं.

एक दिवस मला उशीर झालेला. पाणी उकळलं नाय, तसंच घातलं. संध्याकाळपर्यंत जुलाब, रात्री पोरीचे डोळे खोल गेले. शहापूरला ॲडमिट केली. तेवढ्याशा हाताला सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, वरचं दूध देता का? सुवर्णा माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं – नाय डॉक्टर, एक थेंब नाय. आणि वर काय बोलले? हिचंच दूध पातळ हाय. पोरीच्या अंगालाच लागत नाय.

सगळ्यांपुढं बोलले. डॉक्टर म्हणाले, असं काही नसतं. पण सुवर्णानं डॉक्टरांचं नाय, माझं ऐकलं. सेविका ना मी! तिनं अळीव खाल्ले, मेथी खाल्ली, रडून रडून दूध आटवलं. स्वरा पाच दिवसांनी घरी आली, पिवळ्या पट्ट्यात उतरलेली. मग डबा राजरोस चालू झाला, आणि नऊ वर्षं सुवर्णा पाव्हण्यारावळ्यांत सांगत फिरली – माझ्यातच दम नव्हता.

तुमी म्हणाल, मायेपोटी केलंत. माया नाय हो ती. माझं नाव होतं त्यात. तुमी म्हणाल, पोरगी वाचली ना, आज उड्या मारते. मारते. ते तिचं बळ, माझं नाय. तुमी म्हणाल, सासवा अशाच. मग बाकीच्यांनी का नाय ओतलं?

गेल्या महिन्यात सुवर्णाला मुलगा झाला. बाळंतपणाच्या आधीच तिनं माझ्या पोराला डबा आणायला सांगितलेला. बाळ भुकेनं रडत होतं, तिचा पदर भिजलेला, आणि ही म्हणते, "आई, डबा फोडा. माझं नको पाजायला, याला पण बाधेल."

तेव्हा सांगितलं. सगळं, जसं तुमाला सांगितलं तसं. तिनं बाळाला अंगाशी घेतलं, भिंतीकडं तोंड केलं आणि पाजलं. बाळ पोटभर प्यालं, तसं तिनं त्याला खाली ठेवलं. मग म्हणाली, "याचं वजन शेणव्याच्या अंगणवाडीची बाई करेल. तुमी काट्याला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, बरं.

काल ती बाई आली. आत वजन केलं, तक्ता भरला, सुवर्णाला समजावून सांगितला. मी बाहेर ओट्यावर बसलेले. आकडा मला कोणी सांगितला नाय. मीही विचारला नाय.