साहेबांच्या टपालाचा पहिला नंबर

उडदाचे पापड निम्मे लाटून झाले होते, तेवढ्यात शेजारची आबेदा रडवेली आली. केळीच्या कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळते. तिथलं मशीन चालवणारं लिनक्स सकाळी सुरू होताना टपालाच्या, म्हणजे ई-मेलच्या, कामावरच अडकायचं. आज नीट झालं नाही तर नोकरी जाणार होती.

"मशीन नंबराप्रमाणे एकेक काम उठवतं, काकू. साहेबांचं टपाल म्हणून मानानं त्याला पहिला नंबर दिला, ते ज्यावरून येतं-जातं त्या नेटवर्कला दहावा."

"अगं, पाहुण्याला पाटावर बसवलंस, पण चूल पेटली का?"

ती हसतच पळाली. टपालाला ऐंशीवा नंबर दिला. दुपारी दारातूनच ओरडली, "काकू, उठलं!"

मी देवापुढे साखर ठेवली. पापड राहिलेच. आता साखरेची वाटी तिच्या आईला, हसीनाबींना, द्यायला जाते.