शेवटचा पापुद्रा

ते रक्त आईचं नव्हतं. हे सगळ्यांत आधी डॉ. अलमेलूंच्याच लक्षात आलं. त्यांनी बाळाला बाहेर काढलं, तोंड पुसलं. डावा गाल पुन्हा लाल झाला. त्यांनी पुन्हा पुसला. पुन्हा लाल.

"कट, गालावर," त्या म्हणाल्या. नाळ बांधली, बाळ नर्सच्या हातात दिलं आणि आईच्या पोटाकडे वळल्या. तिथलं काम अजून व्हायचं होतं.

मी टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर होते. मी भूल देणारी डॉक्टर. त्या काळी पेशंटच्या तोंडावर जाळीचा मास्क ठेवायचा आणि त्यावरच्या कापडावर थेंब थेंब ईथर सोडायचं. लग्नानंतर मी साताऱ्याहून मद्रासला आले आणि तिथल्या एका प्रसूतीच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले, तेव्हाची ही गोष्ट.

पेशंटचं नाव तुळसाबाई. वेस्ट मांबलमला शाळेत शिकवायच्या. नवरा गोविंदराव जॉर्ज टाउनमध्ये एका व्यापाऱ्याच्या पेढीवर क्लार्क. माणसं तंजावरकडची मराठी. पहिलं मूल घरीच अडून गेलं होतं. या खेपेलाही घरच्यांनी सुइणीवर भिस्त ठेवून फार वाट पाहिली. हॉस्पिटलात आणलं तेव्हा पाणी केव्हाच निघून गेलं होतं, डोकं आडवं वळून अडकलं होतं आणि बाळाचे ठोके मंदावत होते.

पोट उघडलं की बाळ समोरच असतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. गर्भपिशवीची भिंत कापावी लागते. एरवी ती चांगली जाड असते. पण कळा फार वेळ चालल्या की तिचा खालचा भाग ताणून ताणून पापुद्र्यासारखा होतो. आत पाणी असलं तर भिंत आणि बाळ यांच्यामध्ये उशी राहते. पाणी गेलं असलं तर बाळाचं अंगच भिंतीला आतून चिकटलेलं असतं. वर रक्त साचतं, नीट दिसत नाही. आणि ठोके मंदावत असताना कोणी सावकाश कापत बसत नाही.

डॉ. अलमेलूंचा हात आमच्याकडे सगळ्यांत हलका होता. तरीही सुरी एक पापुद्रा जास्त खोल गेली.

ईथर थोडं बाळालाही लागतं, त्यामुळे मुलगी आधी मलूल होती. मग रडली. आम्हाला हायसं वाटायला हवं होतं. पण रडताना तिचं तोंड उजवीकडेच ओढलं गेलं. डावा कोपरा हललाच नाही. ओठ हलवणारी एक नस गालातून ओठाकडे जाते. तान्ह्या बाळाची ती कातडीच्या अगदी जवळ असते. ती तुटली होती.

डॉ. अलमेलूंनी डोळ्यांच्या ऑपरेशनचं बारीक रेशीम मागवलं आणि गाल शिवला. जखम मिटली. नस शिवण्याची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

सुपरिंटेंडेंट साहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. कोणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं.

"अडलेलं बाळ होतं, काढताना खरचटलं, असं सांगा," ते म्हणाले. "अगदीच खोटं नाही ते."

"खरचटलं नाही, सर. मी कापलं."

"आई जगली, बाळ जगलं. लोक तुमच्या पाया पडतील. कशाला उगीच?"

"पाया पडतील, म्हणूनच."

साहेब चिडून निघून गेले. डॉ. अलमेलू मला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर." का, ते मला लगेच कळलं नाही.

बाहेर बाकावर गोविंदराव आणि त्यांची आई बसली होती. डॉ. अलमेलूंनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. मुलगी झाली. आई बरी आहे. पिशवी उघडताना माझी सुरी मुलीच्या गालाला लागली. व्रण राहील. तोंड कदाचित वाकडं राहील.

गोविंदरावांनी हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून दोघी वाचल्या, अम्मा," ते तमिळमध्येच म्हणाले.

म्हातारीने हात जोडले नाहीत. ती मुलाकडे वळून त्यांच्या जुन्या मराठीत बोलली. "अगोदरचं लेकरू गेलं, तेव्हा देवावर घातलं रे. हे कोणावर घालू?"

"आई, गप हो," गोविंदराव पुटपुटले.

डॉ. अलमेलूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

तेव्हा मला कळलं, मला कशासाठी आणलं होतं. मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"माझ्यावर," डॉ. अलमेलू म्हणाल्या. "त्यांना सांग. माझ्यावर घाला."

मी मराठीत सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे रोखून पाहिलं. आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला कळलं, याचीच तिला लाज वाटली असावी. तिने पदर तोंडाला लावला आणि रडू लागली.

तुळसाबाई शुद्धीवर आल्या, तेव्हा नर्सने मुलीचा चांगला गाल वर करून तिला कुशीत दिलं. बाईंनी स्वतःच तिचं तोंड वळवलं. पट्टीवरून बोट फिरवलं. "हिला दुखतंय का?" एवढंच विचारलं. मुलगी प्यायला लागली तेव्हा डाव्या कोपऱ्यातून दूध गळत राहिलं. बाई ते पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून डॉ. अलमेलूंनी एक नियम केला. पिशवीचा शेवटचा पदर सुरीने कापायचा नाही. सुरी खाली ठेवायची, रक्त टिपायचं, बोटाने पदर अलगद फोडायचा. ज्युनियर डॉक्टर कंटाळायचे. ठोके मंदावलेले असले तरी त्यांना या नियमातून सुटका नव्हती.

तुळसाबाई मुलीला दाखवायला येत असत. व्रणाची रेघ फिकट झाली, ओठ मात्र सुधारला नाही. मुलगी हसायला लागली, तेव्हा ते जास्तच दिसू लागलं. अखेर एकदा डॉ. अलमेलूंनी तेही स्पष्ट सांगितलं. "जेवढं सुधारायचं होतं तेवढं सुधारलं. आता आणखी नाही."

तुळसाबाईंनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लपवलं नाही, ते चांगलं केलंत. पण आता मी येणार नाही. तुम्हाला बघितलं की माझं अंग थंड पडतं."

"बरं," डॉ. अलमेलू म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी हात पुढे केला. तुळसाबाईंनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्या निघून गेल्या. आम्हाला त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

पुढे मी पुष्कळ वर्षं भूल दिली आणि नव्या डॉक्टरांना शिकवलं. शेवटचा पापुद्रा बोटाने फोडा, हे मी त्यांना सांगायचे. दुसरी गोष्टही सांगायचे. चूक झाली तर घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा. पण माफी मिळेल म्हणून सांगू नका. ती बहुधा मिळत नाही.